गुरुवारी लगेच सुरू होणारी जीप

फुलसिंगभाऊ,

तुम्ही गेल्याचं मला हिंगोलीच्या एसटी स्टँडवर कळलं, तेही सहाव्या दिवशी. तुमच्या तांड्यावरचा एकजण मोंढ्यात हळद घालून परत निघाला होता. त्यानं मला ओळखलं. जवळ येऊन म्हणाला, "सिस्टरबाई, आमचे डायवर गेले. कावीळ झाली व्हती. तुमाला कोनी कळवलं न्हाई काय?" मला कोणी कळवलं नव्हतं. बदली होऊन हिंगोलीला आल्याला दोन वर्षं झाली आणि या दोन वर्षांत मी एकदाही तिकडे फिरकले नव्हते. मग कोण कळवणार? माझी गाडी लागली, भरली आणि निघून गेली. मी बाकावरच बसून होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तांड्यावर जाऊन आले. आल्यापासून हे लिहायला बसते आहे आणि उठते आहे. तुमचं वय, आजार, नोकरीची वर्षं यांतलं काही मला लिहायचं नाही. ते दवाखान्याच्या कागदांत आहे. मला सांगायचं आहे ते कुठल्याच कागदात नाही, आणि ते तुम्ही समोर असताना सांगायला हवं होतं.

मी तुमच्या दवाखान्यात आले ती दुष्काळानंतरच्या वर्षी. कुरुंद्याची पोरगी, नर्सिंगचं शिक्षण नुकतं संपलेलं, आमच्या बौद्धवाड्यातली नोकरीला लागलेली पहिली मुलगी. एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी घेऊन फाट्यावर उतरले, तर तुम्ही जीप घेऊन उभे. पेटी तुम्ही मागे टाकलीत. मीही मागे चढायला लागले तर म्हणालात, "पुढं बसा बाई. मागं लई धक्के लागतात." तोवर मला कुणी पुढं बस म्हटलं नव्हतं.

तुमच्या आजानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं होतं, हे तुम्हीच सांगायचात. "आमी पयल्यापासून डायवरच हाव बाई. बैल गेले, जीप आली, येवढाच फरक." नोकरी मात्र तुमची तेव्हा कच्ची होती. दर काही महिन्यांनी डॉक्टरसाहेबांच्या शेऱ्यावर पुढं चालू राहायची.

एका गावातला चहा तुम्हाला आठवत असेल. डॉक्टरांना कपबशीत चहा आला. आपल्या दोघांना कान तुटलेल्या दोन कपांत आला, वळचणीला वेगळे ठेवलेले कप. मला ते लहानपणापासून ओळखू येतात. मी हात पुढे करावा की नाही या विचारात होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मला चहा चालत न्हाई, पित्त हाय. बाईला बी पित्त हाय." आणि औंढ्याला पोचल्यावर देवळाच्या रस्त्यावरच्या हॉटेलात तुम्ही लागोपाठ तीन कप प्यायलात, मला दोन पाजलेत. त्या घराबद्दल एक शब्द तुम्ही काढला नाहीत. मीही नाही.

हे मुद्दाम आधी सांगते आहे. माणूस कसा आहे हे मला ठाऊक असताना मी पुढचं वागले.

जीपचा तो रोग मी आल्यावर महिन्याभरात सुरू झाला. साडेसातला आपण दौऱ्याला निघायचो. देवीच्या लसी, गरोदर बायांची तपासणी, तापाच्या गोळ्या. निघायचो म्हणजे निघायला बसायचो. तुम्ही सेल्फ दाबायचात, इंजिन घर्र घर्र फिरायचं, पण पकडायचं नाही. चोक ओढायचा, थांबायचं, पुन्हा सेल्फ. आठ वेळा, नऊ वेळा. कधी खाली उतरून पुढून हँडल मारायचं. एकदा पकडलं की मग दिवसभर तक्रार नाही. गावात तासभर थांबून परत निघालो तर पहिल्या झटक्यात चालू.

तुम्ही काय काय करून पाहिलंत ते मी बघत होते. प्लग काढून पॉलिशपेपरनं घासलेत. बॅटरीत पाणी घातलंत, तिची टोकं गरम पाण्यानं धुतलीत. हिंगोलीचा मिस्त्री दोनदा कार्बोरेटर उघडून गेला आणि म्हणाला, गाडी म्हातारी झाली. तुम्हाला ते पटलं नाही. एक दिवस प्लगची वायर काढून तुम्ही मला ठिणगी दाखवलीत. "बघा बाई, इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आन् ठिणगी. ठिणगी हाय. हवेला काय तोटा? म्हंजे पेट्रोल उशिरा येऊन राहिलं. पन काहून?" त्या 'काहून'पाशी तुमची गाडी अडकली होती.

आणि त्याच आठवड्यात डॉक्टरसाहेबांनी मला आत बोलावलं.

ते वाईट माणूस नव्हते. दौरे उशिरा होतात म्हणून वरून त्यांना बोलणी बसत होती. म्हणाले, "सिस्टर, हा ड्रायव्हर गाडी मुद्दाम सुरू होऊ देत नाही. लांबची गावं चुकवायची असतात त्याला. तांड्याचा माणूस, काय सांगावं. तुम्ही रोज सोबत असता. महिनाभर टिपून ठेवा. किती वाजता बसलात, किती वेळा सेल्फ मारला, किती वाजता निघालात. पुरावा असला की मला वर लिहिता येईल. दुसरा माणूस मागवू."

मी "हो सर" म्हणाले.

भाऊ, त्या 'हो'चं मी तेव्हा स्वतःला कारण दिलं होतं. नवी नोकरी, साहेबांचा शब्द, मी कोण नाही म्हणणार. ते खरंच होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. 'तांड्याचा माणूस' हे शब्द त्यांनी उच्चारले आणि माझ्या मनात कुठंतरी ते बसले. आमच्या वाड्याबद्दल लोक काय बोलतात ते ऐकत मी मोठी झाले होते. शाळेत कुणाची पेन्सिल हरवली की माझी पिशवी आधी तपासली जायची. तरी मला वाटलं, असेलही बुवा. काय सांगावं.

मी शंभर पानी वही घेतली आणि रेघा मारल्या. वार, गाडी कुठं उभी होती, किती वेळ, सेल्फ किती वेळा. दुसऱ्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "काहून लिहून राहिल्या बाई?"

"जीपचा केसपेपर काढलाय," मी म्हणाले. "रोग सापडत नाही ना, म्हणून."

तुमचा चेहरा खुलला. "हे बराबर केलं. आमाला हे सुचलंच नसतं." आणि तेव्हापासून तुम्हीच मला सांगायला लागलात. माझं लक्ष नसलं तर सेल्फवरचा पाय काढून म्हणायचात, "लिहा, आज अकरा." तुमच्याविरुद्धचा पुरावा तुम्ही मला मोजून देत होतात आणि मी मान खाली घालून लिहीत होते.

तीन आठवडे झाले तेव्हा एका दुपारी मी पानं चाळली. सोमवार नऊ, मंगळवार आठ, बुधवार दहा, शुक्रवार आठ, शनिवार नऊ. आणि गुरुवार एक. मागचा गुरुवार एक. त्याच्या मागचा गुरुवारही एक.

गुरुवारचा दौरा तुमच्या तांड्याच्या बाजूचा होता.

म्हणजे घराकडे जायचं असलं की जीपला काही होत नव्हतं. वहीत असं स्वच्छ लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. मी वही मिटली. महिना संपायला आठ दिवस होते. डॉक्टरांना लगेच नेऊन दाखवली नाही, इतकंच माझ्या बाजूनं म्हणता येईल. पण त्या दोन-तीन दिवसांत मी तुमच्याशी नीट बोलले नाही. तुम्ही विचारलंत, "तब्येत बरी न्हाई का बाई?" मी म्हणाले, डोकं दुखतं. तुम्ही दवाखान्यातूनच गोळी आणून दिलीत, पाण्याच्या पेल्यासकट.

मग तो पुढचा गुरुवार आला.

सात वाजता तांड्यावरून एकजण सायकल हाणत आला. तुमच्या बायकोला, धुरपताबाईंना, विंचू चावला होता. लाल विंचू. कुडाला लावलेली लाकडं काढताना हाताला डसला. अंगाला घाम सुटून राहिला, उलट्या होऊन राहिल्या, असं तो धापा टाकत सांगत होता. डॉक्टर बॅग घेऊन बाहेर आले, पुढं बसले. मी मागे. तुम्ही सेल्फ दाबलात.

पकडलं नाही.

सवयीनं मी मनात मोजायला लागले. चार, पाच, सहा. गुरुवार असून. तुम्ही चोक ओढलात, सोडलात. सात, आठ. तुमच्या मानेवरून घाम ओघळत होता. उतरून हँडल लावलंत, दोन्ही हातांनी मारलंत, हँडल उलटं फिरून मनगटाला लागलं, तुम्ही मनगट दाबून पुन्हा सीटवर बसलात. दवाखान्यात आलेले लोक भोवती जमले होते. डॉक्टर तुमच्याकडे बघत होते. चौदाव्या वेळी इंजिन पकडलं.

खड्डे न बघता तुम्ही जीप तांड्यावर आणलीत. धुरपताबाईंचे हातपाय गार पडले होते, नाडी भरभर चालत होती. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, मी त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले. तुम्ही दाराबाहेर उभे होतात. आत यायला भीत होतात, असं मला वाटलं. दुपारी दोनच्या सुमाराला त्यांनी पाणी मागितलं, ते पोटात राहिलं, आणि डॉक्टर म्हणाले, "आता काळजी नाही." तेव्हा तुम्ही खाली बसलात.

परत येताना डॉक्टर मागे बसले. त्यांना झोप लागली. मी पुढे, मांडीवर वही. गुरुवारपुढं चौदा लिहिलं आणि त्या आकड्याकडे बघत राहिले. त्या सकाळी अख्ख्या पंचक्रोशीत तुमच्याइतकी घाई कुणाला नव्हती. म्हणजे गाडी तुमच्या मर्जीनं सुरू होत नव्हती, तुमच्या मर्जीनं बंदही राहत नव्हती. मग मागचे तीन गुरुवार काय वेगळं होतं? गाडी तीच, रस्ता तोच, माणूस तोच.

"भाऊ," मी विचारलं, "काल संध्याकाळी गाडी कशी लावली होती?"

"कशी म्हंजे? रोजच्यावानी. तोंड दवाखान्याकडं."

"आणि मागच्या बुधवारी?"

"मागच्या बुधवारी औषधाच्या पेट्या व्हत्या ना. मागं घेत घेत ओट्याला लावली, पेट्या उतरवल्या, तशीच ठेवली. दर बुधवारी तसंच असतं. काल पेट्या आल्या न्हाईत, म्हून..."

तुम्ही बोलता बोलता थांबलात. रस्त्याच्या मधोमध जीपही थांबवलीत. आपला दवाखाना चढावर होता. रोज जीप नाक वर करून उभी असायची आणि फक्त बुधवारी रात्रभर नाक खाली करून.

"बाई," तुम्ही हळूच म्हणालात, "पेट्रोल मागं उतरून राहिलं."

डॉक्टर जागे झाले. "काय झालं? बंद पडली?"

"न्हाई सायेब," तुम्ही म्हणालात. "गोम सापडली."

पुढचे चार दिवस आपण तपासणी केली. दोन दिवस तोंड चढाकडे, दोन दिवस उताराकडे. नऊ आणि दहा, मग एक आणि एक. पाचव्या दिवशी पुन्हा तोंड चढाकडे लावून सकाळी तुम्ही कार्बोरेटरला जाणारी नळी सोडवलीत, तिच्या तोंडाशी मी औषधाची रिकामी काचेची बाटली धरली आणि तुम्ही सेल्फ मारलात. आधी काहीच आलं नाही. मग बुडबुडे. मग फेस. किती तरी वेळानं पेट्रोल. तुम्ही जीपखाली शिरलात आणि टाकीकडून पंपाकडे येणारी रबरी नळी बोटांनी चाचपत गेलात. पंपाजवळ ती वळते तिथं, वरच्या अंगाला, नखाएवढी चीर होती.

"पण इथं तर काही गळत नाही," मी म्हणाले.

"गळाली असती तं पयल्याच दिवशी दिसली असती. ही बाहेर काई टाकत न्हाई, आत वारं घेऊन राहिली. वारं शिरलं की नळीतलं पेट्रोल टाकीत परत जातं. सकाळी पंपानं तिथून वढत आनायचं. तवर आपलं घर्र घर्र."

मी दवाखान्यातली रबरी नळी देऊ केली. तुम्ही हसलात. "हिला पेट्रोल दोन दिसात खाऊन टाकंल." मग कपडे धुण्याच्या साबणाची वडी पाण्यात मऊ करून ती चिरेत भरलीत, वरून माझ्याकडची चिकटपट्टी गच्च गुंडाळलीत, तिच्यावर सुतळी. हिंगोलीहून नवी नळी येईपर्यंत बारा दिवस ती जीप त्या साबणावर चालली, तोंड कुणीकडेही असो.

वही मी डॉक्टरांना दाखवली. सगळी, पहिल्या पानापासून. ते बराच वेळ वाचत होते. मग बाहेर आले, चढावर उभ्या जीपमध्ये बसले आणि स्वतः सेल्फ दाबला. इंजिन लगेच पकडलं. ते उतरले, तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेले. पुढच्या वर्षी तुमची नोकरी पक्की झाली, त्यात त्यांचा शेरा होता. वर लिहायचं ठरलेलं दुसरं काही त्यांनी लिहिलं नाही, आणि तुम्हाला ते कधी कळलं नाही.

त्यानंतर आपलं एक भांडण सुरू झालं, ते माझी बदली होईपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, वही नसती तर गुरुवार सापडला नसता. तुम्ही म्हणायचात, "वहीनं न्हाई बाई, चढानं सांगितलं. वहीत फकस्त आकडे व्हते. कान देऊन ऐकलं तं इंजिन सोताच बोलतं." मी म्हणायचे, मग तीन आठवडे काय बोलत होतं ते? तुम्ही म्हणायचात, "बोलत व्हतं, आमीच ऐकत नव्हतो." औंढ्याच्या रस्त्यावर हे इतक्यांदा झालं की मागे बसलेल्या बाया हसायच्या. ज्या वहीनं तुम्ही अडकायचे होतात तिनंच तुम्हाला सोडवलं, हा माझ्या बाजूचा खरा मुद्दा मात्र मी कधी काढू शकले नाही. वही कशासाठी काढली होती ते सांगितल्याशिवाय तो निघत नव्हता.

एकदा तुम्ही सरळ विचारलंही होतं. उन्हाळ्यात, टायर बदलून झाल्यावर, बाभळीखाली बसलो होतो. "बाई, ते वहीचं तुमच्या डोक्यात आलं कसं?" तेव्हा सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हणाले, "पेशंटचं करतो तसंच केलं." तुम्ही मान डोलवलीत. "तुमी व्हत्या म्हून माझी इज्जत राहिली. सायबाला संशय व्हता माझ्यावर, मला समजत व्हतं. तुमाला नव्हता." आणि टायरला लागलेली माती झटकायला उठलात.

त्या वाक्यानंतर माझं तोंडच बंद झालं. जीप चालवायला तुम्हीच मला शिकवलंत, मोकळ्या माळावर, गियर बदलताना ओरडला नाहीत कधी. दिवाळीला धुरपताबाईंच्या हातचं ताट आणून दिलंत. बदलीच्या दिवशी माझी पेटी पुन्हा तुम्हीच उचललीत. प्रत्येक वेळी ते वाक्य मधे यायचं, आणि प्रत्येक वेळी मी गप्प बसायचे. हिंगोलीला आल्यावर तिकडे फिरकले नाही त्याचंही कारण हेच असेल. कामाचं कारण सांगत राहिले, स्वतःलाही.

परवा तांड्यावर धुरपताबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, गळ्यात पडून रडल्या, मग डोळे पुसून परत सुपापाशी बसल्या. चहा झाला. मी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, मी 'हो' कसं म्हटलं, तीन दिवस तुमच्याशी का बोलले नाही. त्यांचे हात चालूच होते. खरं सांगू, मी एका वाक्याची वाट बघत होते. 'त्यायला मालूम व्हतं,' असं त्या म्हणतील, आणि मी सुटेन.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "त्यायला मालूम नव्हतं," म्हणाल्या. "मालूम असतं तं मला बोलले असते."

मी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"तुमी सांगितलं असतं तं लई राग आला असता त्यायला. दोन दिस बोलले नसते तुमच्यासंगं. माझ्यासंगं बी तसंच करायचे. तिसऱ्या दिशी सोताच आले असते, चला बाई, म्हनत." मग पुन्हा सूप हातात घेतलं. "तुमी त्यायला रागवू बी देलं न्हाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी मला जेवून जायला लावलं. भाकरी वाढताना विचारलं, तिकडं हिंगोलीत एकट्याच राहता का, रांधून कोण घालतं. संध्याकाळच्या गाडीला बसवायला फाट्यापर्यंत आल्या.

मी त्या दोन दिवसांच्या अबोल्याला भ्याले, भाऊ, आणि सहा वर्षं तुमच्याशी अर्धंच बोलत राहिले. आज सगळं बोलले. आता तुम्ही रागवा.